मुक्काम पोस्ट लक्ष्मी रोड

चाकणला नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘कुठे असतोस रे?’ उत्तर येतं, ‘पुण्याला!’ गावाकडे हे उत्तर खपतं, आईला चारचौघींत सांगायला बरं वाटतं आणि लग्नाच्या बायोडेटातही ते शोभून दिसतं. प्रत्यक्षात काय असतं? मोशीत वन बीएचके, सकाळी साडेसहाला कंपनीची बस, तळेगाव चौकातलं ट्रॅफिक, संध्याकाळी तेच ट्रॅफिक उलट्या बाजूने आणि रविवारी मॉल. पुणं आपल्यापासून तीस किलोमीटरवर असतं आणि आपण तिथे जातो कधी, तर पाहुणे आले की. मग त्यांना शनिवारवाडा दाखवायचा, दगडूशेठला हात जोडायचे, तुळशीबागेत बहिणीच्या मागे पिशव्या धरून उभं राहायचं आणि पार्किंगच्या नावाने बोटं मोडत परत फिरायचं.

मी अशी आठ वर्षं काढली होती. पण पेठेतल्या पुण्यात एकही रात्र काढली नव्हती. काढायचं कारणच काय? तीस किलोमीटरसाठी कुणी लॉज बुक करतं का?

मी केला. दोन रात्रींसाठी. तेही स्वतःच्या खिशातून!

त्याचं कारण सांगायचं तर २०१९ आठवावं लागेल. कोविडच्या आधीचं वर्ष म्हणून आता सगळे त्याला गोड मानतात, पण ऑटो इंडस्ट्रीतल्या माणसाला विचारून बघा. गाड्या खपत नव्हत्या. मोठ्या कंपन्या महिन्यातले काही दिवस उत्पादनच बंद ठेवत होत्या, आणि मोठ्यांनी एक दिवस शटर ओढलं की त्यांना पार्ट पुरवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे तीन दिवस सन्नाटा. त्यात १ एप्रिल २०२० ही तारीख डोक्यावर टांगलेली. त्या दिवसापासून सगळं बीएस-सिक्स. छोटं डिझेल इंजिन बीएस-सिक्समध्ये बसवायचं तर खर्च इतका, की कंपन्यांनी सरळ हात वर केले. मारुतीने एप्रिल २०१९मध्येच सांगून टाकलं, वर्षभराने डिझेल गाड्या बंद. आपल्या रांजणगावला बनणारं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, ज्याला ऑटोवाले कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे, त्याचेही दिवस भरले होते. आणि मी ज्या लाइनवर होतो तिथे डिझेल इंजिनाचाच एक पार्ट बनायचा. बस, इतकं सांगितलं की पुरे.

डिसेंबरात नोटीस बोर्डवर कागद लागला : शुक्रवार ते सोमवार ब्लॉक क्लोजर. शब्द कसा इस्त्री केलेला आहे बघा! घरी सांगताना मात्र ‘सुट्टी आहे’ असं सांगायचं आणि आईने ‘अरे वा, मग ये ना गावी’ म्हटलं की काहीतरी थाप मारायची. गावी गेलो असतो तर वडिलांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असतं.

त्याच आठवड्यात मित्राचा फोन आला. हा आमचा कॉलेजमधला लाइटवाला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही दोघांनी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना लाइट्स केले होते. तो मेन, मी असिस्टंट. भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ ओरडून बसलेला घसा आठ-आठ दिवस सुटायचा नाही. नंतर मी कॅम्पसमधून चाकणला लागलो आणि त्याने डिग्री फ्रेम करून आईकडे दिली आणि मुंबई गाठली. तेव्हापासून व्यावसायिक नाटकांना लाइट ऑपरेट करतो.

‘शनिवारी रात्री बालगंधर्वला प्रयोग आहे, रविवारी दुपारी चिंचवडला. तू काय करतोयस?’

‘काही नाही. प्लांट बंद आहे.’

‘मग ये की! पूना गेस्ट हाऊसला उतरू. मी शनिवारी सकाळी पोचतो. तू कधीपण ये.’

‘अरे, माझं घर तिथून तासाभरावर आहे.’

‘तासाभरावर आहे ना? मग ते पुण्यात नाही,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी शुक्रवारीच निघालो. चाकणहून भोसरी, भोसरीहून मनपा. मनपाला उतरून चालत नव्या पुलावरून शनिवारवाडा आणि तिथून लक्ष्मी रोड. खांद्यावर फक्त लॅपटॉपची सॅक, लॅपटॉप काढून ठेवलेली. रिकाम्या सॅकेचं काय सुख असतं म्हणून सांगू!

आता एक गंमत लक्षात घ्या. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे खायची जागा. राहायची जागा म्हणजे ‘लॉज’, आणि लॉज म्हटलं की चांगल्या घरातली माणसं जरा खाली बघतात. ‘गेस्ट हाऊस’ म्हणजे चाकणमध्ये कंपनीचं, जिथे जर्मन नाहीतर कोरियन साहेब उतरतो. आणि ‘हेरिटेज हॉटेल’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं मुंबईचं १९०३चं ताज, नाहीतर उदयपूरचा महाल. फेटा बांधलेला दरबान, झुंबर, भिंतीवर वाघाचं मुंडकं. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या गर्दीत जिना चढून वर जायची ही जागा या कुठल्याच खणात बसत नाही. ती १९३५ सालची आहे आणि ती कुठल्या संस्थानिकाने नाही, एका सिनेमावाल्याने काढली.

काउंटरवर रजिस्टर पुढे आलं. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. ‘कुठून’मध्ये मी चाकण लिहिलं. काउंटरवरच्या काकांनी चष्मा वर केला.

‘चाकण? आपलं चाकण?’

‘हो.’

‘बस चुकली का?’

‘नाही नाही, राहायलाच आलोय.’

‘बरं.’ पुणेरी ‘बरं’मध्ये किती अर्थ असतात ते तुम्हाला माहीत आहे. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात मी पेन धरून बसलो. हापिसचं काम नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. शेवटी ‘काही नाही’ असं लिहिलं. काकांनी ते उलटं वाचलं. ‘असं चालत नाही,’ ते म्हणाले. ‘पोलीस तपासतात. नाटक लिहा. इथे चालतं.’

मी ‘नाटक’ लिहिलं.

खोली साधी होती. पलंग, पांढरी चादर, पंखा, खिडकी. चाकणच्या बिझनेस हॉटेलांत मी क्लायंटबरोबर बसलोय, क्वचित राहिलोयसुद्धा. तिथे कार्ड खोचलं की दिवे लागतात आणि पडदा सरकवला की समोर दुसरं तसंच हॉटेल दिसतं. तुम्ही स्टुटगार्टला आहात, सोलला आहात की चाकणला हे कळू नये याचीच तिथे काळजी घेतलेली असते. इथे खिडकी उघडली आणि खालून सगळं शहर आत आलं! पीएमटीचे हॉर्न, ‘या ताई, बघून तर जा’, रिक्षावाल्याचा वाद, कुठल्याशा देवळातली घंटा. साडेनऊच्या सुमाराला शटर पडायला लागली. एकामागोमाग एक, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानंतर जी शांतता झाली ती मला पुण्याची वाटेचना. आमच्या मोशीत रात्रभर हायवेवर कंटेनर चालू असतात. बऱ्याच दिवसांनी मी मोबाइलवर ऑटो इंडस्ट्रीच्या बातम्या न वाचता झोपलो.

शनिवारी सकाळी मित्र हजर. दोघांनी मिसळ मागवली. तर्री अंगावर येणारी नव्हती, घरच्यासारखी होती. (कोल्हापूरकरांनी नाकं मुरडू नयेत.) भिंतीवर जुने फोटो. मित्र एकेका फोटोकडे चमच्याने बोट दाखवत मला इतिहास सांगत होता. त्यातला बराचसा मी नंतर वाचून पक्का केला, कारण नाटकवाला माणूस गोष्ट रंगवणारच.

तर गोष्ट अशी. नारायणराव ऊर्फ नानासाहेब सरपोतदार हे मूकपटांच्या जमान्यातले लेखक-दिग्दर्शक. १९२५ साली त्यांनी ‘महाराची पोर’ नावाचा मूकपट केला. साल बघा, आणि विषय बघा! त्याच वर्षी ‘चंद्रराव मोरे’. पुढे पुण्यात त्यांची आर्यन फिल्म कंपनी. ललिता पवार, ज्यांना आपण सगळे खाष्ट सासू म्हणून ओळखतो, त्या लहान मुलगी असताना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या त्या याच कंपनीत. म्हणजे पुण्याच्या सिनेमाचा एक धागा प्रभातच्याही आधीचा आहे. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली ती १९३३मध्ये.

आणि मग १४ मार्च १९३१ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला. पडदा बोलायला लागला. पुढच्या वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’. झालं! आदल्या वर्षापर्यंत ज्यांच्यावाचून सिनेमाचं पान हलत नव्हतं अशी कितीतरी कामं हळूहळू संपली. पडद्यावरच्या पाट्या लिहिणारे, पडद्यासमोर बसून पेटी-तबला वाजवणारे. दिसायला देखणे पण बोलायला लागले की हसू येईल असे नट. यातल्या कुणाचाही काही दोष नव्हता. त्यांची कला जिथे होती तिथेच होती, यंत्र बदललं होतं.

मिसळ खाता खाता मी थांबलो. मित्राच्या लक्षात आलं.

‘काय रे?’

‘काही नाही. आमच्याकडे त्याला बीएस-सिक्स म्हणतात.’

तो हसला नाही. म्हणाला, ‘बघ ना, १९३५ला याच माणसाने हे काढलं. लोकांना राहायला खोली आणि जेवायला ताट. सिनेमा मुका असो की बोलका, माणसाला भूक लागतेच.’

ही त्याची थिअरी. नानासाहेबांच्या मनात काय होतं यावर मी माझ्या सोयीचा निष्कर्ष चिकटवणार नाही. मात्र त्या घराचा सिनेमा सुटला नाही, हे खरं. २०२४मध्ये ‘मुंज्या’ बघून तुम्ही थिएटरात ओरडला असाल. त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार याच घराण्यातले, चौथ्या पिढीतले. मधल्या काळात चारुकाका सरपोतदारांनी ही जागा नाटकवाल्यांची केली, आणि तीही पोस्टरवर फोटो असणाऱ्यांपुरती नाही. सेट लावणारे, कपडेपट बघणारे, लाइट्सवाले, म्हणजे पडदा पडल्यावर ज्यांना कुणी विचारत नाही अशांना इथे हक्काचं ताट मिळायचं. मित्र मुंबईहून येतो तेव्हा जरा वाकडी वाट करून इथेच उतरतो ते म्हणून. ‘इथे मला कुणी विचारत नाही की तू नाटकात काय करतोस, म्हणजे ॲक्टिंग नाही तर मग काय,’ तो म्हणाला. माझ्या घरी मला विचारतात, तू गाडी बनवतोस म्हणजे नक्की काय? गाडीतला एक तळहाताएवढा तुकडा बनवतो, हे सांगून झालं की पुढे संभाषण सरकत नाही. त्यामुळे मला त्याचं म्हणणं कळलं.

दुपारभर आम्ही पेठांत भटकलो. पेठ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं असं म्हणायला हरकत नाही. आमच्या एमआयडीसीत फेज वन, फेज टू. इथे शनिवार, सोमवार, बुधवार. पण भानगड तीच! पेशवाईत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमायचे, कौल द्यायचा आणि बाहेरून येऊन घर बांधणाऱ्याला, दुकान मांडणाऱ्याला काही वर्षं करात सूट द्यायची. म्हणजे आजची औद्योगिक सवलत योजनाच की! आज ज्यांना आपण ‘अस्सल पेठी’ म्हणून दबकून असतो, त्यांचे पूर्वजही सवलत मिळाली म्हणून कोकणातून नाहीतर देशावरून सामान बांधून आलेले. या विचाराने मला फार मोकळं वाटलं. फरक एवढाच, की त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांना नावं दिली. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, उंबऱ्या गणपती. आमच्याकडे ‘गेट नंबर तीनच्या पुढे, डाव्या हाताला’. चाकणला तीनशे वर्षं होतील तेव्हा एखादा ‘कंटेनर मारुती’ होईल, अशी आशा आहे.

चाकणचं नाव निघालं म्हणून. आमचं गावही काही आज उगवलेलं नाही बरं का. १६६०मध्ये शाइस्तेखान पुण्यात मुक्काम ठोकून होता आणि तिथून तो चाकणच्या संग्रामदुर्गावर चालून गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो एवढासा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. म्हणजे पुण्यात राहून चाकणला कामाला जाणारा इतिहासातला पहिला माणूस शाइस्तेखान! पुढे लाल महालात त्याची बोटं गेली ते सगळ्यांना पाठ आहे. किल्ल्याची आज उरलेली तटबंदी मात्र आमच्या कंपनीतल्या किती जणांनी पाहिली असेल, शंका आहे.

संध्याकाळी तो थिएटरवर गेला, मी मागोमाग. नाटकाचं नाव सांगत नाही, जाहिरात होईल. मी तिकीट काढून पुढे बसलो होतो, मध्यंतरात त्याने मला वर लाइट्सच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं. कॉलेजात आमच्या हातात डिमरच्या दांड्या असायच्या. एकेक दांडी दोन बोटांत धरून सावकाश वर न्यायची, श्वास धरून. इथे कॉम्प्युटर कन्सोल. क्यू आला की बटण. वर टांगलेल्यांतले कितीतरी दिवे एलईडी.

‘मजा गेली ना रे?’ मी विचारलं.

‘माझ्या गुरूंना डिमरचा हात होता,’ तो कन्सोलवरची नजर न हलवता म्हणाला. ‘सूर्योदय करायचे ते, लोक टाळ्या वाजवायचे. त्यांनी कन्सोलला हात लावला नाही. दोन वर्षांत काम बंद झालं. मी रात्री जागून शिकलो. त्यांना कळलं तेव्हा आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.’

‘मग?’

‘मग काय? आता कधीतरी फोन करून विचारतात, सूर्योदय किती सेकंदांचा ठेवलायस? मी सांगतो, चाळीस. म्हणतात, घाई करतोस. मी वाढवतो.’

तिसरी घंटा झाली. मी खाली गेलो. दुसऱ्या अंकात सूर्योदय होता. मी घड्याळ लावून बघितलं. पंचावन्न.

प्रयोग संपून सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत एक वाजला. आम्ही चालत निघालो. जंगली महाराज रस्ता, डेक्कन, मग लकडी पूल. (तेव्हा दुचाकीला बंदी असलेला हा पूल पायी ओलांडताना काय रुबाब वाटला!) अलका चौकातून लक्ष्मी रोड सुरू होतो. दिवसा या रस्त्यावर समोरच्याच्या पाठीकडे बघत चालावं लागतं, रात्री वर बघता येतं. तेव्हा कळतं की खालच्या मजल्यावर काचेची शोरूम आहे, पण तिच्या डोक्यावर अजून लाकडी गॅलरी आहे, कोरीव खांब आहेत, दोरीवर लुगडं वाळतंय आणि एका खिडकीत कुणा आजोबांचा रेडिओ चालू आहे. मधेच एक वाडा पाडलेला, हिरव्या जाळीआड नवी इमारत उभी राहत असलेली. मधेच एक असाच पडायला आलेला, खांबांना टेकू दिलेले. हेरिटेजप्रेमी यावर हळहळतात. मला तेवढं सोपं वाटत नाही. त्या गळक्या वाड्यात सामायिक संडास वापरत राहणाऱ्या भाडेकरूला बिल्डरने टू बीएचके देऊ केला तर तो कोरीव खांबाकडे बघत बसेल, अशी अपेक्षा करणारे आपण कोण? आपण तर सोमवारी लिफ्टने आपल्या घरी जाणार.

खोलीवर झोप कसली येतेय. खिडकीशी बसून आम्ही बोलत राहिलो. मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. लाइन मार्चनंतर बंद होणार, आमच्यातल्या काहींना दुसरीकडे घेतील, काहींना नाही, यादी कुणी पाहिलेली नाही पण आहे असं सगळे म्हणतात. आठ वर्षांत मी एका पार्टमधला इतका माहीतगार झालो होतो की हातात घेऊन सांगायचो, हा रिजेक्ट होणार. मीटर नंतर लावायचा. आणि आता तो पार्टच लागणार नाही. बरं, त्याच चाकणमध्ये बजाजची इलेक्ट्रिक चेतक बनायला सुरुवात झाली होती, त्यामुळे रडायचीही सोय नाही. रडलो तर लोक म्हणणार, जग पुढे चाललंय.

त्याने सल्ला दिला नाही. हे मी त्याचं आयुष्यभर लक्षात ठेवीन. आमच्या पिढीला सल्ला देणाऱ्यांचा तोटा नाही : अपस्किल हो, कोर्स कर, लिंक्डइन अपडेट कर. तो फक्त म्हणाला, ‘त्या पार्टला हात लावून कळतं ना तुला? मग दुसऱ्याला लावूनही कळेल. पण आठ दिवस कुणाशी बोलू नको वाटलं तर नको बोलूस.’ आणि झोपला.

रविवारी पहाटे मी एकटाच बाहेर पडलो. लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर पेपरवाल्या पोरांच्या पुरवण्या घालणं चालू होतं. बेलबागेपाशी फुलांच्या पाट्या उतरत होत्या. चालत चालत मंडईत गेलो. १८८६ची ती दगडी इमारत, तो आठ कोनांचा मधला मनोरा. आतल्या उंच ओट्यांवर भाजीवाल्या मावशी भाजी रचत होत्या, अशी की मेथीच्या जुडीवर जुडी ठेवताना रेषा चुकू नये. आमच्या क्वालिटीवाल्यांना इथे ट्रेनिंगला पाठवायला हवं! एका मावशींकडे कांदा बघितला, भाव विचारला. त्या वर्षी त्या महिन्यात कांद्याने शंभरी गाठली होती, आठवत असेल.

‘घ्या की, चाकणचा आहे,’ मावशी म्हणाल्या.

‘मी चाकणहूनच आलोय.’

‘अगं बाई! आणि कांदा न्यायला इथवर आलात?’ शेजारच्या दोघींना हाक मारून त्यांनी ती बातमी सांगितली. तिघी खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्याकडे राहिलाय का कोणी कांदा लावणारा? का सगळे कंपनीत?’

मी म्हटलं, ‘अजून आहेत, मावशी.’ आहेतच. आमच्या प्लांटच्या भिंतीला लागून एक वावर आहे आणि त्यात दर वर्षी कांदा असतो. रोज बसच्या खिडकीतून दिसतो. अर्धा किलो घेतला. मावशींनी वर दोन टाकले, ‘गाववाले’ म्हणून.

दुपारचा प्रयोग चिंचवडला, म्हणजे माझ्या परतीच्याच वाटेवर. नाटकाच्या बसमध्ये मला सीट मिळाली, मागची, कपड्यांच्या पेट्यांशेजारची. निघताना काउंटरवर तेच काका होते. ‘झालं का नाटक?’ त्यांनी विचारलं. ‘दुसरा अंक बाकी आहे,’ मी म्हटलं. ‘असतोच,’ ते म्हणाले आणि पावती फाडून दिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२०मध्ये आधी नाट्यगृहं बंद झाली, मग सगळंच. आमची लाइन ठरल्याप्रमाणे बंद पडली, फक्त निरोप समारंभ कुणाला करता आला नाही. माझं नाव यादीत निघालं नाही. माझ्या शेजारी उभा राहणाऱ्याचं निघालं. तो आता बारामतीला दूध डेअरीत मेंटेनन्स बघतो आणि मजेत आहे असं सांगतो. मी बॅटरीच्या ॲल्युमिनियम केसिंगवर आहे. पहिले सहा महिने हाताला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं. मित्र लॉकडाउनमध्ये सांगलीकडे भावाच्या द्राक्षबागेत राबत होता. २२ ऑक्टोबर २०२१ला नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा त्याने मला केबिनमधून फोटो पाठवला. फोटोत काही नाही, नुसता अंधार आणि कन्सोलचा हिरवा दिवा.

पेठेत जायला आता निमित्तही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२४पासून मेट्रो पिंपरी-चिंचवडहून थेट स्वारगेटपर्यंत जाते. चाकणकरांनी नाशिक फाट्याला चढायचं, मंडईला उतरायचं. पार्किंगची कटकट नाही. वर आलात की समोर बाजार. फक्त राहायचं ठरवा, उभ्या उभ्या जाऊन येऊ नका. आधी फोन करून खोलीची चौकशी करा, मिळाली तर रस्त्याकडची मागा. शनिवारी रात्री कुठलंतरी नाटक बघा, चांगलं-वाईट न बघता बघा, आणि परत येताना चालत या. रविवारी पहाटे साडेपाचला उठणं तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी एकदा करून बघा. गणपतीत मात्र विसरा. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि दुसरा दिवस उजाडला तरी चालूच असते. ढोल थेट उशीत वाजतील. माझा मित्र म्हणतो, हीच तर खरी वेळ! तो मागच्या तीन वर्षांपासून मागे लागलाय. मी दर वेळी त्याला शिफ्टचं कारण सांगतो, आणि यंदा नेमकी त्या दिवशी मला सुट्टी आहे.